शेती-क्राफ्टिंगचा निवांत गेम: स्टारड्यू, सॅन्डरॉक की ग्रेव्हयार्ड कीपर?

रात्रीचा_गडी

रात्री जेवणं उरकल्यावर तास-पाऊण तास हाताशी असतो. तेवढ्यात डोकं शांत होईल असा शेती किंवा क्राफ्टिंगचा (वस्तू बनवण्याचा) आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा गेम, हवाय. तीन नावं काढून ठेवलीत: स्टारड्यू व्हॅली, माय टाइम अ‍ॅट सॅन्डरॉक आणि ग्रेव्हयार्ड कीपर. लॅपटॉप साधा आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. थोडीफार मारामारी चालेल. शेतीपेक्षा वस्तू बनवण्याची आवड जास्त. मुख्य अडचण अशी की गेममधलं घड्याळ मागे लागलं की सगळी मजा जाते. रविवारी दहा वर्षांची मुलगी शेजारी असेल, तिच्यासोबत एकाच लॅपटॉपवर खेळता आलं तर सोन्याहून पिवळं.

कोणता घ्यावा आणि का? "ग्राफिक्स भारी आहेत" याच्या पलीकडचं काही सांगा.

खुरपं

तुमच्या अटी पाहता स्टारड्यू. पण घड्याळाचं आधी स्पष्ट करतो, कारण हे गेम निवडताना लोक शेत बघतात आणि फसतात घड्याळात.

स्टारड्यूत दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला संपतो. गेममधली १० मिनिटं म्हणजे आपले साधारण ७ सेकंद, म्हणजे अख्खा दिवस १४ मिनिटांचा. गेम सेव्ह होतो तो झोपल्यावरच. त्यामुळे पाऊण तासात तीन दिवस आरामात होतात आणि मधेच उठायची वेळ आली तरी फार तर एक दिवस वाया जातो. २ वाजेपर्यंत घरी पोचला नाहीत तर चक्कर येऊन पडता, खिशातले पैसे कापले जातात (१० टक्के, जास्तीत जास्त १००० जी; जी म्हणजे गेममधलं चलन) आणि दुसऱ्या दिवशी एनर्जी कमी मिळते. बस, एवढीच शिक्षा. या ऋतूत एखादं पीक किंवा मासा हुकला तर पुढच्या वर्षी तोच ऋतू परत येतो. कम्युनिटी सेंटर, म्हणजे गावाचं मोडकं सभागृह, ठरलेल्या वस्तूंची बंडलं देऊन भरायला मुदत नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शेत देऊन गेलेले दिवंगत आजोबा येऊन शेताचं मूल्यमापन करतात, त्याची लोक उगाच धास्ती घेतात. हिरा वाहिला की ते पुन्हा करून घेता येतं.

आणखी एक: एकटे खेळताना मेन्यू उघडा असेपर्यंत वेळ थांबते. कसली घाई वाटली की बॅग उघडायची आणि विचार करायचा. एवढ्यानेही भागलं नाही तर पीसीवर स्मापी (मॉड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून टाइमस्पीड हे मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेली जोडणी, लावा, घड्याळ हळू करता येतं किंवा थांबवताही येतं. पहिल्या दिवसापासून लावू नका मात्र. दिवस संपतो म्हणूनच त्या गेमला लय आहे.

भट्टीवाला

क्राफ्टिंगची आवड जास्त आहे म्हणताय म्हणून उरलेल्या दोघांबद्दल लिहितो.

सॅन्डरॉक हा खरा कारखानदारीचा गेम. वाळवंटातलं गाव, तुम्ही तिथले बिल्डर. भंगार फोडायचं, रिसायकलरमध्ये घालायचं, भट्टीत धातू गाळायचा, वर्कटेबलवर सुटे भाग बनवायचे आणि असेंब्ली स्टेशनवर मोठी वस्तू एकेक भाग लावून उभी करायची. गंमत बंधनांत आहे: जिवंत झाडं तोडायला बंदी, आणि यंत्रं चालायला पाणी लागतं. पाण्याची टाकी रिकामी झाली की अख्खी कार्यशाळा ठप्प. नवे लोक नेमके इथेच अडकतात. ऑर्डर घेतात, मग कळतं की भट्टीला तासन्‌तास लागणार आणि टाकीत पाणी नाही. उपाय साधा आहे. ऑर्डर असो नसो, रोज सकाळी आधी टाकी बघायची आणि प्रत्येक भट्टीत माल भरून मगच बाहेर पडायचं. ऑर्डरींना मुदत असते, पण सेटिंगमध्ये वेळेचा वेग कमी करता येतो, म्हणजे तुमच्यासारख्यांची सोय आहे.

अडचण तुमच्या लॅपटॉपची. हा पूर्ण थ्रीडी गेम आहे, कार्डाशिवाय अडखळत चालेल आणि निवांतपणाची वाट लागेल. शिवाय मल्टीप्लेअर ऑनलाइन आहे, एका स्क्रीनवर दोघं नाहीत. तरी मोह आवरत नसेल तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घ्या आणि पहिल्याच बैठकीत तपासा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात.

ग्रेव्हयार्ड कीपर २०१८ चा, टूडी, तुमच्या लॅपटॉपवर चालेल. रात्री अमुक वाजता पडण्याची भानगड नाही, एनर्जी संपली की झोपा, नाहीतर रात्रभर काम करा. ऐकायला अगदी तुम्हाला हवं तसं. पण आठवडा सहा दिवसांचा आहे आणि महत्त्वाची माणसं आपापल्या ठरलेल्या दिवशीच येतात. बिशप एका दिवशी, ज्योतिषी दुसऱ्या, व्यापारी तिसऱ्या. माणूस हुकला की सहा दिवस थांबा. तंत्रज्ञान उघडायला लाल, हिरवे आणि निळे गुण लागतात. लाल-हिरवे लाकूडतोड आणि हातकामात आपसूक जमतात, निळ्यांसाठी अभ्यासाचं टेबल आणि चर्चची यंत्रणा उभी करावी लागते. तिथे गाडी रुतते. निम्मे लोक तिथेच गेम सोडतात असा माझा संशय आहे. विनोदही काळा आहे: गाढव प्रेतं आणून टाकतं, ती वेळेत हाताळली नाहीत तर खराब होतात, आणि शिक्का मिळवला की त्यांचं मांस खानावळीला विकता येतं. दहा वर्षांच्या मुलीसोबत खेळायचा हा गेम नव्हे. दोन खेळाडूंची सोयही नाही.

सावकाश_चाला

घड्याळच नको असेल तर तिघांच्या बाहेरचं नाव देतो, लिटलवूड. जग वाचवून झाल्यानंतर नायकाची गोष्ट सुरू होते, करायचं काय तर गाव पुन्हा उभारायचं. वेळ आपणहून सरकत नाही. लाकूड तोडलं, मासा पकडला, खाण खणली की एनर्जी खर्च होते आणि तेवढाच दिवस पुढे जातो. नुसतं फिरा, गप्पा मारा, घरं इकडची तिकडे हलवा, सूर्य जागचा हलणार नाही. एकट्यानेच खेळायचा गेम आहे आणि स्टारड्यूइतका खोल नाही, हेही खरं.

जाता जाता: शोधताना "हार्वेस्ट मून" नावाचे नवे गेम दिसतील. १९९६ ला सुरू झालेली मूळ जपानी मालिका २०१४ नंतर इंग्रजीत "स्टोरी ऑफ सीझन्स" नावाने येते. जुनं नाव नत्सुमे कंपनीकडे राहिलं आणि ती त्या नावाने आपले वेगळे गेम काढते. नावावर जाऊन घेऊ नका.

रात्रीचा_गडी

मुद्दा पटला. स्टारड्यू घेतोय. पण दोन-तीन ठिकाणी वाचलं की सुरुवातीला अर्धा दिवस पाणी घालण्यातच जातो आणि एनर्जी संपते. क्राफ्टिंग कधी सुरू होतं मग? पहिला वसंत कसा काढावा ते कोणी नीट सांगेल का?

खुरपं

पाण्यात दिवस जातो कारण लोक हातात पैसे आले की सगळ्याचं बियाणं घेतात. पहिल्या वसंतात २५-३० रोपांच्या वर जाऊ नका. हिशोब बघा: एनर्जी २७०. कुदळीच्या एका घावाला २, झारीच्या एका चौकोनाला २. सरपंच लुईस १५ पार्सनिपच्या (गाजरासारख्या कंदाच्या) बिया फुकट देतो, त्या लावून पाणी घालायला ६० जातात. तीस रोपांना रोज ६०. साठ रोपं केलीत की १२० नुसत्या पाण्यात जातील आणि खाणीत उतरायला अंगात काही उरणार नाही. क्राफ्टिंग खाणीतूनच सुरू होतं, आणि खाण वसंत ५ ला उघडते.

शेताचा नकाशा निवडताना साधं, स्टँडर्ड शेत घ्या. किनाऱ्याचं शेत दिसायला सुंदर आहे, पण तिथल्या वाळूत स्प्रिंकलर (आपोआप पाणी घालणारी यंत्रं) बसत नाहीत, म्हणजे तुमचं दुखणं कायमचं. मुलीला कोंबड्या हव्या असतील तर गेमच्या १.६ आवृत्तीत आलेलं मेडोलँड्स शेत बघा, तिथे खुराडं आणि दोन कोंबड्या पहिल्या दिवसापासून मिळतात.

पेरणीत एकच नियम पाठ ठेवा. महिना २८ दिवसांचा आणि ऋतू बदलला की आदल्या ऋतूचं पीक बहुतेक वेळा मरतं. म्हणून २८ मधून पिकाचे दिवस वजा करा, ती पेरणीची शेवटची तारीख. पार्सनिप ४ दिवस, म्हणजे २४ पर्यंत. बटाटा ६, म्हणजे २२. फ्लॉवर १२, म्हणजे १६. फ्लॉवरचं बी ८० जी आणि विक्री १७५, आकडा मोहात पाडणारा आहे, पण १७ ला लावलात तर ८० जी मातीत. आणि एक दिवस पाणी चुकलं की वाढ एक दिवस मागे पडते, तेव्हा शेवटच्या तारखेला टेकून पेरणी करायचीच नाही.

१३ तारखेचा अंड्यांचा उत्सव चुकवू नका. स्ट्रॉबेरीचं बी तिथेच मिळतं, १०० जीला एक. उत्सव संपला की तुम्ही थेट रात्री १० ला घरी येता, त्यामुळे लोकांना वाटतं की आता उद्याच लावू. तसं केलंत तर ८ दिवसांनी २२ ला पहिला तोडा, २६ ला दुसरा, हेही चालतं, पण एखादा दिवस पाणी राहिलं तर दुसरा तोडा टांगणीला लागतो. त्यापेक्षा १३ च्या सकाळीच रिकामी जमीन खणून तिला पाणी घालून ठेवा. रात्री परत आल्यावर नुसतं बी टाकायचं आणि झोपायचं. २१ आणि २५ ला प्रत्येकी १२० जीचं फळ. काही बिया पेटीत राखून ठेवा, पुढच्या वसंतात १ तारखेला लावल्यात तर पाच तोडे मिळतात.

बुजगावणं विसरू नका: ५० लाकूड, १ कोळसा, २० तंतू. शेतीची पहिली लेव्हल मिळाली की बनवता येतं. पिकं पंधराच्या वर गेली की कावळे यायला लागतात, आणि ते नेमकं महागडं रोप उचलतात असं वाटतं खरं!

पार्सनिप सगळे विकू नका. एक वसंताच्या बंडलला, आणि सोनेरी चांदणीचे पाच दर्जेदार पिकांच्या बंडलला लागतात. नंतर शोधत बसाल तर वर्ष थांबावं लागेल.

भट्टीवाला

पाण्यातून सुटका कशी होते ते मी सांगतो, माझं खातं आहे.

तांब्याचं पहिलं खनिज मिळालं की लोहार क्लिंट दुसऱ्या सकाळी घरी येऊन भट्टीचा आराखडा देतो. भट्टीला २० तांब्याचं खनिज आणि २५ दगड. कुठलाही धातू असो, एका कांबीला ५ खनिज आणि १ कोळसा. तांबं खाणीच्या ३९ व्या मजल्यापर्यंत, लोखंड ४० पासून, सोनं ८० पासून. लिफ्ट दर पाच मजल्यांवर थांबते, तेव्हा रोज पाचाच्या पटीत मजला गाठून परत फिरायचं.

शेतीच्या दुसऱ्या लेव्हलला साधा स्प्रिंकलर मिळतो, १ तांब्याची कांब, १ लोखंडाची. चारच चौकोन भिजवतो, दोन-चारच्या वर बनवणं म्हणजे लोखंडाची नासाडी. सहाव्या लेव्हलचा दर्जेदार स्प्रिंकलर आठही बाजू भिजवतो, त्यासाठी साठवा: १ लोखंडाची कांब, १ सोन्याची आणि १ रिफाइन्ड क्वार्ट्झ. तीन स्प्रिंकलर म्हणजे २४ रोपं, आणि सामान लागतं १५ लोखंडाचं खनिज, १५ सोन्याचं, ३ क्वार्ट्झ, ९ कोळसा. भट्टीत लोखंडाला गेममधले २ तास, सोन्याला ५, क्वार्ट्झला दीड. एका भट्टीवर सगळं काढायला साडेपंचवीस तास जातात, म्हणून भट्ट्या दोन करा. सोनं रात्री झोपताना घाला, सकाळी तयार.

तोवर झारी तांब्याची करून घ्या, २००० जी आणि ५ कांबी. क्लिंट ती दोन दिवस ठेवून घेतो आणि लोक इथेच पिकं वाळवतात. टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला की आज सगळ्यांना पाणी घालून मग ४ च्या आत दुकानात द्या. उद्याचं काम पाऊस करेल, परवा सकाळी ९ ला झारी हातात. अंदाजावर विसंबायचं नसेल तर उन्हाळ्यात १३ आणि २६ ला वादळ ठरलेलं असतं, म्हणजे १२ किंवा २५ ला द्या.

दोघांचं_शेत

मुलीसोबत खेळायचं: स्प्लिट स्क्रीन (एकच स्क्रीन दोघांत विभागणं) १.५ आवृत्तीपासून आहे आणि तुमच्या लॅपटॉपला झेपेल. एक कंट्रोलर लागेल, तो एकाकडे, कीबोर्ड दुसऱ्याकडे. शेतावर दुसऱ्या खेळाडूसाठी केबिन असावीच लागते. नवीन शेत को-ऑपमधून होस्ट करताना मागून घ्या, नाहीतर सुतारीण रॉबिनकडून १०० जी आणि थोड्या सामानात बांधून घ्या. मग ऑप्शन्समध्ये लोकल को-ऑप सुरू करायचं.

दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. दोघं असताना बॅग उघडली म्हणून वेळ थांबत नाही, त्यामुळे वर सांगितलेली विचार करायची युक्ती रविवारी चालणार नाही. आणि दोघंही अंथरुणात गेल्याशिवाय दिवस संपत नाही. मुलगी मासे पकडत बसली तर तुम्ही पलंगावर पडून वाट बघायची. मासेमारी सुरुवातीला अवघड जाते. तिला मासेवाल्या विलीच्या दुकानातून २५ जीचा सरावाचा गळ घेऊन द्या, हिरवी पट्टी मोठी मिळते. मासे साधेच लागतात, पण रडारड टळते.

एकट्याचं शेत आणि दोघांचं शेत वेगवेगळ्या सेव्हमध्ये ठेवा. नाहीतर आठवडाभर तुम्ही तिच्याशिवाय सहा दिवस पुढे गेलात की रविवारी जाब द्यावा लागेल.