कावीळ आणि भुईआवळी: डॉक्टर एवढे विरोधात का?

आंबोलीकर: आमच्याकडे कावीळ झाली की भुईआवळी मुळासकट उपटून, ताकात वाटून अनशापोटी देतात. दहावीत मी तशीच बरी झाले. आणि ही नुसती आजीबाईंची समजूत नाही. 1988 साली चेन्नईच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूचे वाहक असलेल्या 37 जणांना महिनाभर भुईआवळी दिल्यावर 22 जणांच्या रक्तातला विषाणूचा अँटिजेन, म्हणजे विषाणू असल्याची खूण, नाहीसा झाला. औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या 23 पैकी एकाचाच गेला. तरी डॉक्टर 'झाडपाला' म्हणून झिडकारतात.

रातपाळी: मी वॉर्डात काम करतो. तो निकाल पुढे इतर ठिकाणच्या चाचण्यांत टिकला नाही, हेही लिहा. तुम्हाला दहावीत बहुधा हिपॅटायटिस ए झाला असावा. ए आणि ई दूषित पाण्यातून होतात आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय मात्र त्या दिवसांत जे पोटात गेलं त्याला मिळतं. माझी तक्रार भुईआवळीबद्दल नाही, वाया गेलेल्या दिवसांबद्दल आहे. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला ई झाला तर चार-पाचजणींत एक दगावू शकते. अशी एक बाई आमच्याकडे आली ती आठ दिवस उसाचा रस आणि फुटाण्यांवर राहून, बरळायला लागल्यावर. आम्ही तिला वाचवू शकलो नाही.

पानफुटी: दोघांनाही एक सांगते, मी वनस्पतिशास्त्र शिकवते. भुईआवळी म्हणून बाजारात तीन-चार जाती येतात, विद्यार्थीही चुकतात. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं, गुळवेलीसारख्याच दुसऱ्या वेलीची शंका काढली. पण म्हणून सगळं थोतांडही नाही. युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्यांना मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिबिनिन शिरेतून देतात. त्याच बियांचं सिलिमॅरिन तोंडाने घेऊन हिपॅटायटिस सी मात्र हटला नाही. घटक कुठला, किती आणि कुठल्या वाटेने, यावर सगळं आहे.

आंबोलीकर: त्या बाईचं वाचून हात थांबले. गरोदर बाईला कुणी मुळी देऊ नये, हे मी गावात सांगेन. बाकीच्यांना मात्र नको म्हणणार नाही.

रातपाळी: बाकीच्यांचंही आधी रक्त तपासा. दिवसा झोप आणि रात्री जाग असं झालं, बोलणं भरकटलं, की मुळी ठेवा आणि गाडी काढा.