विषय: यॅम आणला, गराडू फसले

प्रेषक: न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
संक्रांतीच्या कार्यक्रमाला इंदूरचे गराडू (इंग्रजीत ज्याला यॅम म्हणतात त्या कंदाच्या तळलेल्या फोडी) करते, असं मी हौसेनं कबूल करून बसले. काल रंगीत तालीम केली. दुकानात ‘यॅम’ अशी पाटी होती, चार पौंड आणले. सोलले तर आत गाजरासारखे केशरी! तळल्यावर बाहेरून काळे, आतून लगदा. वर जिरावन भुरभुरलं, तर शिऱ्यावर मसाला टाकल्यासारखं लागलं. काय चुकलं?

प्रेषक: लेस्टर

ताई, पाटीनं फसवलं तुम्हाला. ते रताळंच. लुइझियानातल्या शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात आपलं मऊ केशरी रताळं उठून दिसावं म्हणून ते ‘यॅम’ नावानं खपवलं, आणि तेच नाव तिकडे चिकटलं. इथे इंग्लंडात यॅम म्हणजे यॅमच: आफ्रिकन दुकानात मिळतो, साल झाडाच्या बुंध्यासारखी, आत पांढरा. मी त्याचेच करते.

तुम्ही गुजराती दुकानात फ्रीजरमध्ये ‘रतालू’ बघा. रताळू ऐकून बिचकू नका! त्यांचा रतालू म्हणजे उंधियूतलं जांभळं कोनफळ. आपल्या रताळ्याला ते शक्करिया म्हणतात.

(मागे कुणीतरी मंचुरियन पिवळं झाल्याचं लिहिलं होतं. अमेरिकेत कॉर्नस्टार्च मागायचं. कॉर्नफ्लोअर म्हणालात तर मक्याचं पीठ हातात पडतं.)

प्रेषक: इंदूर, रामबाग

अगं पोरींनो, पाट्या कसल्या वाचता? नखानं साल जरा खरवडा. आत पांढरा आणि बुळबुळीत असेल तर घ्या, केशरी दिसला की ठेवून द्या. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. फोडी आधी मंद आचेवर तळून काढायच्या, गार होऊ द्यायच्या, आणि पानात वाढायच्या वेळी पुन्हा कडकडीत तेलात. मग जिरावन, लिंबू. आमच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत थंडीच्या रात्री दोनदा तळल्याशिवाय कुणी द्रोण हातात देत नाही. जांभळा चालेल, चवीला वावगा नाही. पण त्याला गराडू म्हणायला माझी जीभ काही वळणार नाही.
जिरावन आहे का पुरेसं? भाचा पुढच्या आठवड्यात तिकडेच येतोय.
— काकू

प्रेषक: न्यू जर्सी

काकू, दोन पाकिटं पाठवाच. तीन पौंड ‘यॅम’ उरलाय, त्याचा एकादशीला कीस करते.