शब्दचर्चा : 'बीपी आहे' म्हणजे नेमकं काय आहे?

मांजराकाठ :
परवा गावी गेलो होतो. मामीच्या खाटेखाली रिपोर्टांची पिशवी दिसली. विचारलं, "मामी, काय निघालं होतं?" तर म्हणाली, "बीपी निघाला होता. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, गेला. आता बंद केल्या." शेवटच्या चिठ्ठीवर आकडा १२८/८२. आशाताई समोरच्याच घरी आल्या होत्या, त्यांच्या मशीनवर बघितलं तर १६२/९८.

मामी अडाणी नाही, हिशेबाला पक्की आहे. घोटाळा शब्दात आहे. बीपी हे मापाचं नाव, ते आपण आजाराला देऊन टाकलं. आजार म्हटला की तो तापासारखा येतो आणि जातो. रक्तदाब कुठं जाणार? जित्या माणसाला तो असणारच. चिठ्ठीवरचा १२८ गोळीनं धरून ठेवला होता. 'गेला' या एका क्रियापदानं गोळी बंद केली.

'उच्च रक्तदाब' पाटीवर शोभतो, ओसरीवर कुणी म्हणत नाही. तुमच्याकडं काय म्हणतात?

भाकरठेचा :
परभणीकडं 'बीपी वाढायलाय' म्हणतात. पण तुमच्या कामाचा शब्द वेगळाच आहे. जुनी जाणती माणसं सांगतात, "शुगर गोळीवर हाय." म्हणजे साखर काबूत आहे, पण गोळीच्या टेकूवर. टेकू काढला तर काय होईल ते वेगळं सांगावं लागत नाही. मामीला म्हणा, बीपी गेला नाही, गोळीवर होता.

(जाता जाता : बीपी वाढला, शुगर वाढली, कोलेस्टेरॉल वाढलं. तिन्ही लिंगं एकाच रिपोर्टात.)

चुलत्याचा पुतण्या :
'वरचा' आणि 'खालचा' यांवरही बोला कुणीतरी. आमचे नाना कैक वर्षं धरून चालले होते की वरचा बीपी डोक्याकडचा आणि खालचा पायाकडचा. पाय सुजले की म्हणायचे, खालचा वाढलाय.

खरं तर वर-खाली हे फक्त कागदावर, अपूर्णांकासारखं. हृदय आवळून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब वर लिहितात, दोन ठोक्यांमध्ये ते सैल पडतं तेव्हाचा खाली. दोन्ही एकाच दंडावर मोजलेले. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरनं पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकायची रीत सांगितली : पट्टा सैल करताना ठोका ऐकू यायला लागला तो वरचा, बंद पडला तो खालचा. आकडा पाऱ्याच्या उंचीचा, मिलिमीटरमध्ये.

नानांचं दुसरं सूत्र होतं, 'वय अधिक शंभर'. सत्तरीत १७० चालतो म्हणे! चालत नाही. आपल्याकडं बहुतेक डॉक्टर १४०/९० पासून पुढं उच्च धरतात. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० धरतात. आणि पन्नाशीनंतर हृदयाच्या दृष्टीनं वरचाच जास्त बघायचा.

मांजराकाठ :
नाना भारी. मामीचं असंच, "मला कसलं टेन्शन? मला बीपी कसा होईल?" डॉक्टर हायपरटेन्शन म्हणतात त्यातला ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा असतो, मनावरचा नाही. जोडशब्दातला ओळखीचा तुकडा उचलला की असं होतं.

शिवणयंत्र :
मी टेलर, म्हणून 'घेर' या शब्दावर माझा हक्क. गिऱ्हाईक म्हणतं, "पँटचा नंबर ३४च आहे, पोट कुठं सुटलंय?" अहो, पँट पोटाखाली बांधता तुम्ही! डॉक्टरला लागतो तो घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजलेला. आपल्या लोकांत पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या, बाईचा ८० च्या आत हवा. ९० म्हणजे साडेपस्तीस इंचही नाही. टेप फिरवला की माणसं गप्प होतात.

लॅबवाला :
माझी अडचण रोजची आहे. फास्टिंग शुगरला मराठीत काय लिहू? 'उपाशी या' सांगितलं तर सोमवारी एक मावशी शाबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या. म्हणाल्या, "उपासच आहे की माझा!" साखर आली १४८. इथं १०० च्या आत चांगली, १२६ आणि वर म्हणजे मधुमेहाची शंका, पुन्हा तपासायची. खिचडीवरचा आकडा कुठल्या रकान्यात लिहू? मावशींना परत बोलावलं, चिडल्या.

'निर्जळी' लिहिलं तर लोक पाणीही पीत नाहीत आणि शीर सापडत नाही. पाणी चालतं. निदान आठ तास बाकी काही नको.

दक्खनी :
आपल्याकडं शब्द आहे : 'अनशापोटी'. आजीबाई औषध सांगताना हाच वापरतात, आणि त्याचा उपासाशी संबंध नाही. छत्रपती संभाजीनगरात, नांदेडात उर्दू बोलणारे शेजारी 'निहार मुँह' म्हणतात, तेही हेच. फारसीत नाहार म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला. आपली न्याहारी त्याच घरातली, नाहार मोडते ती न्याहारी.

लॅबवाला :
अनशापोटी! आमची आई म्हणायची, मीच विसरलो. पाटी बदलतो : 'अनशापोटी या, पाणी चालेल.'

भाकरठेचा :
'चहासुद्धा नको' हेही लिहा. आमच्याकडं चहा खाण्यात धरत नाहीत.