नव्या बोटीतला पेट्रोलचा वास

"नवी बोट आहे, थोडा वास येणारच" असं पेट्रोलच्या वासाबद्दल बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मिशिगनमधल्या आमच्या बोटीवर पहिला महिना मीही असंच समजून काढला. मग मागचं झाकण उघडून टाकीपर्यंत हात घातला, तर पेट्रोल भरायच्या नळीचा क्लॅम्प (नळी आवळून धरणारी पट्टी) नुसत्या बोटाने फिरत होता! दुसरा तर नळीच्या टोकाबाहेर, कोऱ्या धातूवर आवळलेला. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून टाकीला जोडलेली अर्थिंगची वायर लोंबकळत होती. अमेरिकी कोस्ट गार्डच्या नियमाप्रमाणे या अर्थिंगचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) १०० ओहमपेक्षा कमी हवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहते, एक ठिणगी पुरते. आणि माझी मुलं त्याच झाकणावर बसायची. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) ४ मिनिटं चालवाच, पण वास येत असेल तर किल्लीला हात लावू नका. आधी एकेक जोड चाचपून बघा.