विंडोज १० संपलं म्हणून चालता पीसी भंगारात घालू नका

उभा_आडवा_धागा (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका दुकानात थर्मल पेस्ट घ्यायला गेलो होतो. काउंटरवर एक ताई मुलाचा सीपीयू घेऊन उभ्या होत्या. दुकानदाराने झाकण उघडलंसुद्धा नाही. "प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, विंडोज अकरा चढत नाही. एक्स्चेंजमध्ये द्या, नवीन बांधून देतो." ताईंनी किती होतील विचारलं आणि आकडा ऐकून त्या गप्प झाल्या. दुसऱ्याच्या गल्ल्यासमोर उभं राहून त्याचं गिऱ्हाईक तोडणं मला जमलं नाही. ते मनाला लागून राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठवी पिढी किंवा पुढची. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक पीसी एका तारखेने म्हातारे ठरले. त्यांचा प्रोसेसर त्या रात्रीत हळू झाला नाही. आणि नेमके त्याच महिन्यांत रॅमचे भाव भडकले. रॅम बनवणारे मोठे कारखानदार जगात तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघांचाही माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी चालतं मशीन टाकून नवीन घ्यायला सांगणं मला पटत नाही.

माझ्या घरी जवळपास त्या ताईंसारखाच पीसी आहे. आय५ ४५७०, १६ जीबी डीडीआर३, सेकंडहँड आरएक्स ५७० हे एएमडीचं ग्राफिक्स कार्ड. तीन वर्षांपासून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली आहे. विचर ३, हेडीस, एज ऑफ एम्पायर्स २, जीटीए ५ ची स्टोरी, सगळं खेळतो.

हे चालतं कसं, ते सांगतो. गेम विंडोजसाठी लिहिलेला असतो आणि ग्राफिक्स कार्डाला डायरेक्टएक्समध्ये हुकूम सोडतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं प्रोटॉन ते हुकूम व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत बदलून कार्डाकडे देतं. पहिल्यांदा गेम सुरू करताना एक पट्टी येते, शेडर (कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होतायत म्हणून टक्के सरकत राहतात. पुष्कळ जण तिथेच कंटाळून बंद करतात. माझे वडील एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर होते. नवीन डिझाइन आलं की आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे, मग प्रत्येक आडव्या धाग्यासाठी पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, आणि ती कार्डं ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. तोवर माग थांबलेला. एकदा माळ चढली की मग खटाखट एकामागून एक चादर. ती पट्टी म्हणजे कार्डं पाडण्याचं काम आहे. पाच-दहा मिनिटं द्या, पुढे गेम अडखळत नाही.

---

व्हीआयपी_रोड_कॅफे

अण्णा, तुमचं लिहिणं मनापासून आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. विजापूर रोडला १४ मशीनचा गेमिंग कॅफे चालवतो. शाळा सुटली की पोरं दारातूनच विचारतात, "काका, व्हॅलो आहे का?" नाही म्हटलं तर चप्पलसुद्धा काढत नाहीत, तशीच मागे फिरतात.

व्हॅलोरंट लिनक्सवर नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजेंड्स चालायचा, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी त्यांनी लिनक्सला दार बंद केलं. बॅटलफील्ड ६ तर सिक्युअर बूट या पीसी सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीशिवाय विंडोजवरसुद्धा उघडत नाही. मग राहिलं काय? एकट्याने बसून खेळायचे गेम. ते खेळायला कॅफेत कोण येतं?

२०२५ च्या शेवटी स्टीमच्याच आकड्यांत लिनक्सवाले शंभरात तीन होते. मी धंदा उरलेल्या सत्त्याण्णवांवर करतो.

---

उभा_आडवा_धागा

कॅफेवाले दादा, तुम्ही नावं घेतलीत ते गेम चालत नाहीत, हे शंभर टक्के खरं. पण ते का चालत नाहीत, यावर मला बोलायचंय.

व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचं अँटीचीट, म्हणजे चीटर पकडणारं सॉफ्टवेअर येतं. ते कर्नलमध्ये बसतं, म्हणजे मशीनच्या सगळ्यात आतल्या खोलीत, आणि गेम सुरू असो नसो, पीसी चालू होतानाच जागं होतं. तिथे बसलेल्या प्रोग्रामला सगळं दिसतं. तिथे चूक झाली तर काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका खराब अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते गेमचं सॉफ्टवेअर नव्हतं, पण बसलेलं त्याच खोलीत होतं.

इझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन्ही कंपन्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय करून दिली. गेमवाल्याने हो म्हणायचं, एवढंच बाकी. काहींनी म्हटलं, काहींनी नाही. म्हणजे अडतंय ते मालकाच्या मनात.

तीन टक्क्यांबद्दल. ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्स पहिल्यांदा तीनच्या पुढे गेलं, आणि त्या यादीत मॅकच्या वर होतं. २०१८ मध्ये प्रोटॉन आलं तेव्हा ते एक टक्क्याच्याही आत होतं.

---

व्हीआयपी_रोड_कॅफे

तुमच्याच मागाचं उदाहरण घेतो. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन मिळालं, तरी नक्कल बाजारात येतेच ना? मग कारखानदाराने पहारा ठेवला तर चुकलं काय त्याचं? माझ्या कॅफेत पाच-पाच पोरांचे सामने होतात. समोरून एक चीटर घुसला की नऊ पोरांची संध्याकाळ वाया. तासाचे पैसे मोजून आलेली असतात ती. खिशातून मोजून नाणी काढणारं पोर "काका, आज मजाच नाही आली" म्हणून निघतं तेव्हा मला कर्नल सुचत नाही. मला चीटर नको असतो. तो जिथे कमी भेटतो तो गेम मी लावतो.

---

उभा_आडवा_धागा

पहारा कारखान्याच्या दारात ठेवा की. कारखानदार माझ्या घरी, माझ्या मागाशेजारी चोवीस तास माणूस बसवत नाही. गेमचा सर्व्हर हे गेमवाल्याचं दार आहे. कोण भिंतीआडून नेम धरतो, कोणाचा निशाणा माणसाला शक्य नाही इतका अचूक आहे, हे सर्व्हरवर तपासता येतं. काम अवघड आणि खर्चिक आहे, म्हणून ते आपल्या मशीनवर ढकललं जातं.

पण पोरांच्या संध्याकाळीचं तुम्ही लिहिलंत ते मला खोडता येत नाही. आजच्या घडीला व्हॅलोरंटमध्ये कर्नलवाल्या पहाऱ्याचा उपयोग होतो, हे मान्य.

---

तिसरं_वर्ष_कॉम्प

मी लॅबमध्ये रोज उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) वापरतो, म्हणून हे लिनक्सच्या विरोधातलं समजू नका. पण प्रोटॉनचं एवढं कौतुक मला खटकतं. प्रोटॉन जितकं चांगलं होईल तितकं लिनक्ससाठी वेगळा गेम लिहायचं कारण संपतं. स्टुडिओ म्हणतात, विंडोजचा बनवतो, प्रोटॉन बघून घेईल. उद्या मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्समध्ये मोठा बदल केला की आपण पुन्हा मागे धावणार. यात स्वातंत्र्य कुठे आलं?

आणि हे सगळं स्टीमची मालक असलेल्या एका वॉल्व्हच्या पैशावर उभं आहे. त्यांचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक २०२२ पासून आहे, पण आपल्याकडे वॉल्व्ह तो स्वतः विकतच नाही. बाहेरून आणलेला घ्यायचा तर किंमत भलतीच आणि वॉरंटीचा पत्ता नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचं नवीन स्टीम मशीन, म्हणजे गेमसाठीचा तयार पीसी, जाहीर झालं तेव्हा हॉस्टेलवर सगळे खूश. मी विचारलं, सोलापुरात कोणाच्या टेबलावर येणार आहे ते?

---

उभा_आडवा_धागा

तुझा पहिला मुद्दा मोठा आहे, त्यावर मीही बराच विचार केलाय.

वेगळा गेम लिहून घ्यायचा प्रयोग झालेला आहे. वॉल्व्हने २०१५ मध्ये पहिली स्टीम मशीन आणली तेव्हा प्रोटॉन नव्हतं, लिनक्ससाठी लिहिलेले गेमच चालायचे. गेम कमी म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत. ती मशीन गेली. त्या काळात लिनक्ससाठी म्हणून निघालेल्या कित्येक आवृत्त्यांना पुढे कोणी वाली राहिला नाही, आणि आज त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून जास्त नीट चालते. हे मलाही गोड वाटत नाही, पण समोर दिसतंय.

वॉल्व्हच्या पैशाचं म्हणशील तर तो पैसा उघड्या कोडमध्ये गेलाय. प्रोटॉनच्या पोटात वाइन नावाचं, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर आहे, त्याचं काम १९९३ पासून चालू आहे, वॉल्व्ह स्थापन होण्याच्याही आधीपासून. डीएक्सव्हीके हा भाषांतराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग फिलिप रेबोहले या एका प्रोग्रामरने सुरू केला, कारण त्याला निअर ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता. वॉल्व्हने त्याला नंतर कामावर घेतलं. उद्या वॉल्व्हने हात काढला तरी हे कोड कोणी परत घेऊ शकत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ६.१४ कर्नलमध्ये एनटीसिंक आलं. विंडोजच्या गेममधले धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांसाठी थांबतात कसे, त्याची सोय आता कर्नलमध्येच आहे. तू कॉम्पचा आहेस, तो भाग उघडून वाच, परीक्षेतल्या सिंक्रोनायझेशनच्या धड्याला उपयोगी पडेल.

स्टीम मशीन सोलापुरात येण्याची वाट मीही बघत नाही. पण त्यासाठी झालेलं काम माझ्या जुन्या आरएक्स ५७० पर्यंत अपडेटमधून फुकट पोचतं. एएमडीने २०२३ मध्येच त्या पिढीच्या कार्डांना विंडोजवर नेहमीच्या ड्रायव्हरमधून बाजूला काढलं. लिनक्सवर मेसा या खुल्या प्रकल्पाचा ड्रायव्हर अजून सुधारतोय.

---

नवी_पेठ_छापखाना

गेमचं मला कळत नाही, पण जुन्या मशीनवर लिनक्स टाका हे सरसकट सांगू नका. आमच्याकडे लग्नपत्रिकांचं सगळं काम श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. वीस वर्षांच्या फाइली त्या फॉन्टमध्ये पडून आहेत. युनिकोडमध्ये न्यायच्या तर जोडाक्षरं तपासत बसायला माणूस लागेल. घरात एकच पीसी असतो, दिवसा बाप काम करतो, रात्री मुलगा खेळतो. त्या बापाचं काय?

---

उभा_आडवा_धागा

काका, बरोबर. तुमच्या मशीनला हात लावू नका. ज्यांना दोन्ही हवं त्यांनी दोन वेगळ्या डिस्क वापराव्यात, एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवली तर एकाच्या अपडेटने दुसऱ्याचं बूट बिघडू शकतं.

---

सैफुल_१०५०टीआय

ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर काय करायचं? माझं १०५० टीआय आहे.

---

उभा_आडवा_धागा

जरा सांभाळून. एनव्हिडियाने त्या पिढीला ५८० या ड्रायव्हर मालिकेपर्यंतच धरलंय, ५९० पासून सोडलं. मिंट किंवा उबुंटू टाका आणि ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० निवडून तिथेच थांबा. आर्चसारखी रोज पुढे धावणारी डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) या कार्डावर नको. विंडोजवरही या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर गेमसाठीचे नवीन ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट आहेत. पुढे कधी कार्ड बदललंत तर लिनक्ससाठी एएमडी घ्या.

---

जुळे_सोलापूर_आई

दुकानातल्या त्या ताई मी नाही, पण माझीही तीच गत आहे. मुलगा दहावीत. सहाव्या पिढीचा पीसी, माझ्या भावाने दिलेला. नवीन घेणं यंदा शक्य नाही. मला फक्त एवढं सांगा, लिनक्स टाकून बिघडलं तर परत आधीसारखं होतं का? आणि त्याचे मित्र व्हॅलोरंट खेळतात, तो रुसणार.

---

व्हीआयपी_रोड_कॅफे

ताई, व्हॅलोरंट एवढ्यासाठी नवीन पीसी घेऊ नका, हे मीच सांगतो. सुट्टीच्या दिवशी तासभर कॅफेत खेळू दे. घरी पीसी चालता राहिला म्हणजे झालं. बाकी अण्णांशी माझं भांडण कायम आहे, माझी १४ च्या १४ मशीन विंडोजवरच राहणार.

---

उभा_आडवा_धागा

ताई, काही न टाकता आधी बघता येतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या, पीसी त्यावरून सुरू करा. ते रॅममध्ये चालतं, तुमच्या डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नाही. वायफाय, आवाज, ब्राउझर, सगळं तपासा. नको वाटलं तर बंद करून पेनड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं उघडेल. "इन्स्टॉल" लिहिलेल्या चिन्हाला मात्र तोवर हात लावू नका. आधी फोटो आणि शाळेच्या फाइली दुसरीकडे काढून ठेवा.

---

जुळे_सोलापूर_आई

केलं. सुरू झालं, वायफायसुद्धा आलं. आवाज नाही.

---

उभा_आडवा_धागा

खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करा, आउटपुट डिव्हाइसमध्ये बहुतेक एचडीएमआय निवडलेलं असेल. दुसरं निवडा.

---

जुळे_सोलापूर_आई

हो, तेच होतं. आवाज आला. तो म्हणतोय आजच टाकूया. मी म्हटलं आधी फोटो काढून घे, तेच चाललंय आता.