प्लेटवर झोन येतो, फ्लास्कमध्ये काहीच नाही: मदत हवी आहे

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या गाळातून स्ट्रेप्टोमायसिससारखी (प्रतिजैविकं बनवणारे, तंतूंनी वाढणारे जिवाणू) एक जात मिळाली आहे. वाढवली स्टार्च केसीन अगार या घट्ट माध्यमावर, २८ अंश, १० दिवस. अगार प्लगला (वाढीसकट कापलेल्या अगारच्या तुकड्याला) स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूविरुद्ध १६ मिमी झोन (तो जिवाणू वाढत नाही ते वर्तुळ), दरवेळी. तेच द्रव माध्यमात (२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली, १५० आरपीएम, ७ दिवस) वाढवलं की वरचा द्रव निष्क्रिय, इथाइल अ‍ॅसिटेटचा १:१ अर्कही कोरा. वाढ छान होते, पण घट्ट गोळ्या बनतात. संशय दोन: माध्यमातल्या १ टक्का ग्लुकोजमुळे झोन देणाऱ्या संयुगाची निर्मिती दबते, किंवा ते संयुग कवकजालातच (जिवाणूच्या तंतूंच्या जाळ्यातच) अडकतं. ग्लुकोजऐवजी स्टार्च घालून कवकजाल मिथेनॉलने काढावं, की सरळ अगारच कापून अर्क घ्यावा? गोळ्या मोडायला फ्लास्कमध्ये काचेचे मणी किती मिमीचे, किती टाकता? कुणी केलं असेल तर कृपया नेमकं सांगा.