किन्सी मिलहोन मालिका: कोणती पुस्तके निवडावीत आणि क्रमानेच वाचावीत का?

प्रश्न — वाचनप्रिय, दांडिया बाजार, बडोदे

सप्रेम नमस्कार. सू ग्राफ्टन यांच्या किन्सी मिलहोन या खासगी गुप्तहेर स्त्रीच्या मालिकेबद्दल जाणत्या वाचकांची मते हवी आहेत. आमच्या वाचक मंडळातल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. मूळ इंग्रजी पुस्तक वाचायचे आणि त्यावर चर्चा मराठीत करायची, अशी आमची रीत आहे. येत्या वर्षासाठी एकच दीर्घ मालिका घ्यावी असे ठरले आणि माझ्या आग्रहावरून ही निवडली गेली. पंचवीसही पुस्तके सर्वांनी वाचणे शक्य नाही, त्यामुळे त्यांतली सात-आठ निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्रजी वर्णमालेतले एकेक अक्षर घेऊन लिहिलेली ही पुस्तके १९८२ सालच्या ‘ए इज फॉर अ‍ॅलिबाय’पासून २०१७ सालच्या ‘वाय इज फॉर यस्टरडे’पर्यंत येतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लेखिकेचे निधन झाले आणि शेवटच्या अक्षराचे पुस्तक लिहायचे राहिले. किन्सी कॅलिफोर्नियातल्या सांता टेरेसा नावाच्या काल्पनिक गावात राहते, आणि हे गाव सांता बार्बरावर बेतलेले आहे. पहिल्या पुस्तकात ती बत्तीस वर्षांची आहे. तिचे दोन घटस्फोट झालेले आहेत, पोलीस खात्यातली नोकरी तिने सोडली आहे आणि परवाना घेऊन ती एकटीच तपासाची कामे करते.

माझा खरा प्रश्न मालिकेच्या उत्तरार्धाविषयी आहे. सुरुवातीची पुस्तके आटोपशीर असून सगळी हकीकत किन्सीच्याच तोंडून येते. ‘एस इज फॉर सायलेन्स’ (२००५) पासून मात्र मध्ये मध्ये दुसऱ्या पात्रांच्या नजरेतून लिहिलेली प्रकरणे येऊ लागतात, जुन्या काळातले प्रसंग समांतर चालतात आणि पुस्तकेही जाडजूड होत जातात. आमच्यापैकी काही जणींचे म्हणणे असे की, किन्सीच्या आधीच वाचकाला सगळे कळत असेल तर रहस्यकथा वाचायची कशासाठी. मला स्वतःला उत्तरार्ध अधिक आवडतो, परंतु माझी आवड सर्वांवर लादावी असे वाटत नाही. आपण काय सुचवाल? आणि ही पुस्तके क्रमानेच वाचली पाहिजेत का?

उत्तर १ — सूरसागरकाठचा वाचक, बडोदे

ताई, आपली आवड मंडळापुढे निःसंकोच मांडावी, असे मी म्हणेन. उत्तरार्धातली दोन पुस्तके ही संपूर्ण मालिकेतली सर्वांत मोलाची पुस्तके आहेत, असे माझे ठाम मत आहे.

पहिले आपण उल्लेखलेले ‘एस’. १९५३ सालच्या ४ जुलैला व्हायोलेट सलिव्हन नावाची एक बाई आपल्या नव्या कोऱ्या मोटारीसह नाहीशी होते. तिची मुलगी तेव्हा सात वर्षांची असते. चौतीस वर्षांनी ती मुलगी किन्सीकडे येते, आणि तिला एवढेच जाणून घ्यायचे असते की आई आपल्याला सोडून गेली की तिचे काही बरेवाईट झाले. हा प्रश्न केवळ किन्सीच्या निवेदनातून मांडला असता, तर व्हायोलेट ही लोकांच्या आठवणींतून जमवलेली एक बदनाम बाई एवढीच उरली असती. १९५३ मधली प्रकरणे आल्यामुळे ती आपल्यासमोर हिंडते-फिरते, रागावते, हट्ट करते, आणि गावाने तिच्याबद्दल जे ठरवून टाकले आहे ते किती अपुरे आहे हे आपल्याला उमगते. रहस्य त्यामुळे कमी होत नाही. खुनी कोण हे शेवटपर्यंत झाकलेलेच राहते. वाढते ती त्या बाईविषयीची आस्था.

दुसरे ‘टी इज फॉर ट्रेसपास’ (२००७). हे आपल्या मंडळाने अवश्य घ्यावे. किन्सीच्या शेजारचा गस नावाचा वृद्ध गृहस्थ घरात पडतो आणि त्याच्या देखभालीसाठी एका परिचारिकेला ठेवले जाते. त्याची एकुलती जवळची नातलग दूर न्यूयॉर्कला असते. तिच्या सांगण्यावरून किन्सी त्या परिचारिकेची चौकशीही करते आणि कागदोपत्री सगळे ठीक निघते, कारण त्या बाईने दुसऱ्याच एका प्रामाणिक परिचारिकेची ओळख चोरलेली असते. वाचकाला हे पहिल्यापासून ठाऊक असते. ‘आधीच कळले तर वाचायचे कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. कोणी केले याची उत्सुकता येथे नाहीच. दार कोण उघडणार, औषधाची बाटली कोणाच्या हाती आहे आणि शेजाऱ्याने किती बोलावे, याची धास्ती आहे. ज्या घरांतली मुले अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत आणि म्हातारे आईवडील दिवसरात्र एका पगारी मदतनिसाच्या भरवशावर आहेत, अशी घरे आपल्या बडोद्यात गल्लोगल्ली आहेत. ते पुस्तक मी एका बैठकीत वाचू शकलो नाही, इतके ते जवळचे वाटले.

आणखी एक गोष्ट. लेखिकेला ही पुस्तके लिहायला पस्तीस वर्षे लागली, परंतु कथेतला काळ १९८२ पासून १९८९ पर्यंतच पुढे सरकतो. किन्सी चाळिशीलाही पोहोचत नाही. त्यामुळे शेवटच्या पुस्तकातही मोबाइल नाही की इंटरनेट नाही. माहिती मिळवायची तर न्यायालयाच्या दप्तरात, ग्रंथालयात, जुन्या पत्तेपुस्तकांत जावे लागते, सार्वजनिक फोनवर नाणी टाकावी लागतात आणि लोकांच्या दारात उभे राहून त्यांना बोलते करावे लागते. मला या मालिकेचे सर्वांत मोठे सुख त्यात वाटते.

उत्तर २ — निवृत्त विमाकर्मी, अलकापुरी

वरच्या उत्तरातला ‘टी’विषयीचा भाग मान्य आहे, बाकीच्याशी मी सहमत नाही.

मी सर्वसाधारण विम्याच्या क्लेम विभागात नोकरी करून निवृत्त झालो. किन्सी मला आवडली ती तिच्या कामाच्या पद्धतीमुळे, आणि ती पद्धत पूर्वार्धात अधिक स्पष्ट दिसते. सुरुवातीला तिचे ऑफिस कॅलिफोर्निया फिडेलिटी या कथेतल्या विमा कंपनीच्याच जागेत असते आणि भाड्याच्या बदल्यात ती कंपनीचे काही क्लेम तपासून देते. ‘ई इज फॉर एव्हिडन्स’ (१९८८) मध्ये तिच्याकडे एका गोदामाच्या आगीचा क्लेम येतो. ज्या कागदांवर विसंबून ती अहवाल देते त्यांतच फेरफार झालेला असतो, आणि तिच्या बँकखात्यात तिने न भरलेले पाच हजार डॉलर जमा झालेले दिसतात. लाच घेतल्याचा संशय तिच्यावरच येतो. आगीच्या क्लेममध्ये सर्व्हेअरचा अहवाल, अग्निशमन दलाचा दाखला, साठ्याची नोंदवही आणि बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट ही सगळी एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. त्यांतला एक कागद बदलला तर एखाद्या प्रामाणिक माणसाची नोकरी कशी धोक्यात येऊ शकते, हे या पुस्तकात जितके खरे उतरले आहे तितके मी अन्य कोणत्याही रहस्यकथेत वाचलेले नाही.

तिची टिपणांची कार्डे पाहा. प्रत्येक माहितीसाठी एक कार्ड, आणि तपास अडला की ती कार्डे पिसून पुन्हा मांडायची. पोर्टेबल टाइपरायटरवर ती अशिलासाठी अहवाल टाइप करते, खर्चाचा हिशेब ठेवते, आणि अनेक पुस्तकांचा शेवटही अहवालाच्या शेवटासारखा, ‘सादर’ करून सही केल्याप्रमाणे होतो. म्हणजे आपण वाचतो ते सगळे पुस्तक हा तिने सादर केलेला अहवालच आहे. आता मला सांगा, अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीला जे ठाऊक असणे शक्य नाही ते त्या अहवालात कसे येईल? उत्तरार्धातली परक्या नजरेची प्रकरणे मला खटकतात ती या कारणामुळे. ती वाईट लिहिलेली आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु या मालिकेने वाचकाशी जो करार केला होता, तो तेथे मोडतो.

आपल्याकडे या व्यवसायाला अजून स्वतंत्र कायदा नाही. २००७ साली खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक राज्यसभेत आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. किन्सी मात्र परवाना जाण्याच्या भीतीने पावलोपावली स्वतःला आवरते आणि कधी कुलूप उघडून आत शिरलीच, तर आपण काय धोका पत्करला आहे हे तिला ठाऊक असते. मर्यादा जाणून काम करणाऱ्या बाईचे हे चित्र मला फार आदराचे वाटते.

माझी निवड: ‘ए’, ‘सी’, ‘ई’, ‘जे’, ‘के’ आणि सवलत म्हणून ‘टी’.

उत्तर ३ — इंदूरहून एक वाचक

क्रमाविषयी लिहिते. प्रत्येक प्रकरण त्या त्या पुस्तकात पूर्ण होते, त्यामुळे क्रम मोडल्याने रहस्याचे नुकसान होत नाही. मात्र किन्सीच्या आयुष्याचा धागा क्रमानेच पुढे जातो. ती पाच वर्षांची असताना आईवडील मोटार अपघातात गेले आणि मावशीने तिला वाढवले, हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असते. आपल्याला जवळचे कोणी नाही या समजुतीवर तिने आपला सगळा स्वभाव उभा केलेला असतो. ‘जे इज फॉर जजमेंट’ (१९९३) मध्ये, मेल्याचे सोंग केलेल्या एका माणसाचा शोध घेताना, तिला कळते की आईचे माहेर तासाभराच्या अंतरावर नांदते आहे आणि इतकी वर्षे त्यांच्यापैकी कोणीही आले नाही. आधीची चार-पाच पुस्तके वाचलेली नसतील तर हा घाव वाचकाला लागत नाही. तेवढा एक नियम पाळा: ‘जे’च्या आधी किमान ‘ए’, ‘सी’ आणि ‘ई’ झालेली असावीत. ‘ओ इज फॉर आउटलॉ’ (१९९९) ‘जे’नंतर घ्यावे, कारण त्यात तिच्या पहिल्या नवऱ्याची आणि तिने त्याच्यावर केलेल्या अन्यायाची हकीकत आहे.

घरमालक हेन्री, म्हणजे शब्दकोडी रचणारे आणि पाव भाजणारे ऐंशीच्या घरातले निवृत्त बेकर, आणि कोपऱ्यावरची हंगेरियन खानावळ चालवणारी रोझी ही मंडळी पुन्हा पुन्हा भेटावीत म्हणूनही क्रम पाळावासा वाटतो.

उत्तर ४ — सयाजीगंजची जुनी वाचक

चर्चा वाचून एक मुद्दा मांडावासा वाटला. ‘ए’ हे केवळ पहिले आहे म्हणून यादीत आले, असे होऊ नये. घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याचा झगडा चाललेला असताना नवऱ्याला मारण्याच्या कल्पना मनात येत, आणि त्यातूनच हे पुस्तक आले, असे ग्राफ्टन यांनी स्वतः सांगितलेले आहे. कथेतला वकील मरतो तो अ‍ॅलर्जीच्या औषधाच्या कॅप्सुलमध्ये भरलेल्या कण्हेरीच्या भुकटीने. त्याची बायको आठ वर्षे तुरुंगात काढून बाहेर येते आणि म्हणते, मी हे केलेले नाही, कोणी केले ते शोधून दे. एका बाईचा राग, दुसऱ्या बाईची शिक्षा आणि तिसऱ्या बाईचा तपास असे हे पुस्तक आहे. पुढच्या सगळ्या पुस्तकांत, अगदी ‘एस’मधल्या व्हायोलेटपर्यंत, ज्या बाईचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही तिच्या बाजूने किन्सी चौकशी करत राहते. त्यामुळे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत मला एवढी फारकत दिसत नाही.

आम्ही लहानपणी अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड वाचून वाढलो. त्या कथांचा वेग आजही आठवतो, परंतु तपासाची सूत्रे बाईच्या हाती असू शकतात हे तेथे कधी मनात आले नाही. इंग्रजीतही हे उशिरा आले. मार्शा म्युलर यांची शॅरन मॅकोन १९७७ साली आली आणि सारा पॅरेट्स्की यांची शिकागोची व्ही. आय. वॉरशॉस्की १९८२ साली, किन्सीच्याच वर्षी. वॉरशॉस्की अधिक राजकीय आहे, कामगार संघटना आणि मोठ्या कंपन्या यांच्याशी भिडणारी आहे. मला ती आवडते, तरी किन्सीइतकी जवळची वाटत नाही.

विमाकर्मी काकांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, अहवाल ही चौकट लेखिकेची होती आणि वीस वर्षे पाळल्यानंतर ती मोडण्याचा अधिकारही तिचाच होता. त्याच एका पद्धतीने आणखी सहा-सात पुस्तके लिहिणे सोपे गेले असते, पण तिने तसे केले नाही. ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ मलाही पसरट वाटली, हे मात्र मान्य करते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. यादी अशी ठरवते आहे: ‘ए’, ‘सी’, ‘ई’, ‘जे’, ‘ओ’, ‘एस’, ‘टी’ आणि शेवटी ‘वाय’. ‘के’ वगळल्याबद्दल काकांनी राग मानू नये. ज्यांना आणखी एक पुस्तक वाचायचे असेल त्यांच्यासाठी ते ठेवले आहे. ‘एस’च्या बैठकीत चौकट मोडण्याचा प्रश्न मुद्दाम चर्चेला घेणार आहे, आणि काका त्या दिवशी आले तर मंडळाला आनंदच होईल. प्रतींसाठी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात या आठवड्यात चौकशी करते. कोणाकडे ‘सी’ किंवा ‘ओ’ची प्रत महिनाभरासाठी देण्याजोगी असेल, तर कृपया येथेच कळवावे.